आकडीचा कोयता आणि राखेतला विस्तव



मागच्या महिन्यात पवन मावळातल्या आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागणीवरून चांगलीच वादावादी झाली. मागणी काही मोठी नव्हती. दहा कोयते आणि दहा विळे, गटाच्या पैशातून घ्यायचे आणि भातकापणी झाल्यावर परतफेड करायची. पण सचिवताई म्हणाल्या, "कोयता हे गड्यांचं हत्यार. त्याला बायांच्या गटाचं कर्ज कशाला?" दुसरी म्हणाली, "पेपरात सारखं कोयता गँग, कोयता गँग येतं. उद्या कुणी विचारलं तर?" तिसरी म्हणाली, "घ्यायचेच तर मोबाईलवरून ते चकचकीत सुरे मागवा. धरणाकाठी तंबूत राहायला येणाऱ्या पोरांकडं असतात ना, तसले."

ठाकरवाडीची आजी भिंतीला टेकून ऐकत होती. सगळ्या दमल्यावर ती म्हणाली, "बायांनो, मी लगीन होऊन आले तवा सासूनं माझ्या हातात दोन वस्तू दिल्या. एक कोयता, आन् दुसरा इस्तू. म्हणाली, हे दोन हातात हायेत तवर उपाशी मरायची न्हाईस."

बैठक त्या दिवशी तशीच उठली. मी मात्र घरी येईपर्यंत आजीच्या बोलण्याचाच विचार करत होते. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. पुस्तकात तलवारी होत्या, दांडपट्टे होते, तोफा होत्या. पण जिच्यावर रोज भाजी चिरली जाते ती विळी नव्हती, आणि ज्या कोयत्यानं सरपण फुटतं तो कोयताही नव्हता. म्हणून आज आपण पात्याचा आणि विस्तवाचा इतिहास बघू. तो आपल्याच घरातला आहे.

सुरुवात आपल्याच पुणे जिल्ह्यातून करू. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तिथं बरीच वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती तिथं सापडली. घरं, धान्याच्या कणग्यांच्या जागा, चुली, सगळं. तांबं त्या लोकांकडं होतं, पण थोडं. रोजचं कापणं-चिरणं दगडी पात्यांवर चाले. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत जो गारगोटीसारखा गुळगुळीत दगड सापडतो, त्याच्या लांबट कपच्या काढून ही पाती करत. ती वस्तऱ्यासारखी धारदार असतात. हा दगड लक्षात ठेवा, पुढं तो पुन्हा येणार आहे.

लोखंड त्यानंतरचं. नागपूर जिल्ह्यात नायकुंड इथं अडीच हजार वर्षांहून जुनी लोखंड गाळायची भट्टी सापडली. लोखंड आलं आणि पातं लांब झालं, वजनदार झालं. कपचीनं गवत कापता येतं, पण झाड तोडायला वजन लागतं.

त्या लोखंडानं काय झालं ते बघायचं असेल तर फार लांब जायला नको. आपण एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याला जातो. देवळाला लागूनच मोठं लेणं आहे. आत जाऊन वर बघा. दगडाच्या छताला लाकडी कमानी आहेत, आणि त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. एवढ्या पावसाच्या मुलखात एवढी वर्षं लाकूड टिकलं. तिथल्या शिलालेखांत एका सुताराचंही नाव आहे. धेनुकाकट गावचा सामी. त्यानं लेण्याचं दार केलं असं तिथं कोरून ठेवलंय. राजांची नावं पुसली जातात आणि एका सुताराचं नाव राहतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. सामीच्या हातात जे पातं होतं, ते कुणा लोहारानं घडवलं असणार. त्याचं नाव मात्र कुठं नाही.

लोहार आपल्या गावगाड्यातला बलुतेदार. वर्षभर फाळ, विळे, कोयते शेवटून द्यायचे आणि खळ्यावर धान्य घ्यायचं, असा व्यवहार होता. ज्या गावात लोहार नसे तिथं घिसाडी येत. अजूनही येतात. बैलगाडीऐवजी आता टेंपो असतो, पण रस्त्याच्या कडेला पाल, भाता आणि ऐरण तशीच. त्यांचं काम चालू असेल तर दोन मिनिटं थांबून बघा. गडी सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसलेला असतो आणि उभ्यानं घण मारत असते ती त्याची बायको. कधी कडेवरचं पोर बाजूला झोळीत टाकून. आपण म्हणतो घिसाड्याचा कोयता. त्यातले अर्धे घाव घिसाडणीचे असतात. तेव्हा कोयता गड्याचं हत्यार, असं म्हणताना तो घडवला कुणी इथूनच विचार करायला हवा.

आता आजीच्या दुसऱ्या वस्तूकडं, विस्तवाकडं येऊ.

आज आपण काडी ओढतो किंवा लायटर दाबतो. पण काडेपेटी घरोघर पोचायच्या आधी चूल रोज नव्यानं पेटवत नसत, ती विझू देत नसत. रात्री जेवणं झाली की एखादं जाड लाकूड किंवा गोवरी निखाऱ्यावर ठेवून वरून राख ओढायची. पहाटे राख बाजूला केली की खाली लाल निखारा. वाळलेला पाचोळा ठेवून फुंकणीनं फुंकलं की जाळ. आणि एखाद्या दिवशी विझलाच, तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारणीकडं विस्तव मागायला जायचं. विस्तवाला कुणी नाही म्हणत नसे. म्हणून तर दोन घरांत पराकोटीचं वैर असलं की आपण म्हणतो, त्यांच्यात विस्तव जात नाही. ही म्हण नुसती बोलायची नव्हती. ज्या घरी विस्तव मागता येत नाही, तिथं माणुसकीच संपली, असा तिचा अर्थ होता.

घराबाहेर, रानात, गडावर, बैलगाडीच्या वाटेवर मात्र विस्तव जवळ नसे. तिथं चकमक उपयोगी पडे. तीन वस्तू लागत. गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस. इनामगावच्या बाया ज्या जातीच्या दगडानं चिरायच्या, तशाच दगडावर पोलाद आपटून नंतरच्या लोकांनी जाळ काढला. होतं काय, की धारदार गारगोटी पोलादाचा बारीकसा कण खरवडून काढते. तो कण घासल्यानं इतका तापतो की हवेत पेटतो. तीच ठिणगी. ती वाळक्या, आधी थोड्या करपवलेल्या कापसावर झेलायची आणि हळू फुंकायचं. म्हणजे ठिणगी दगडाची नसून पोलादाची असते. त्यामुळं पोलाद कसलं आहे याला फार महत्त्व. मऊ लोखंडानं ठिणगी पडत नाही. पाणी दिलेलं, कडक पोलादच लागतं.

ही सगळी खटपट काडेपेटीनं संपवली. इंग्लंडमध्ये जॉन वॉकर या औषधविक्यानं १८२७ साली घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. पण त्या सोयीची किंमत बायांनी मोजली, तीही ऐका. पुढं काड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस वापरू लागले. लंडनच्या कारखान्यात या काड्या करणाऱ्या बायका-मुलींच्या जबड्याची हाडं त्यानं सडत. मजुरी तुटपुंजी, वर दंड. १८८८ साली ब्रायंट अँड मे कंपनीतल्या सुमारे १४०० बायका-मुलींनी संप केला आणि दंड बंद करून घेतले. कामगार चळवळीच्या इतिहासात हा संप मोठा मानला जातो. भारतात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर १९१३ साली कायद्यानं बंदी आली. आपल्या बाजूला १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको निघाली आणि अंबरनाथला तिचा कारखाना झाला. आज आपल्याकडं येणाऱ्या बहुतेक काडेपेट्या तमिळनाडूतल्या शिवकाशी भागातल्या असतात, आणि त्या भरणारे हात बहुतांशी बायकांचे असतात. काडेपेटी एक रुपयाची दोन रुपये झाली ती १ डिसेंबर २०२१ ला. चौदा वर्षांत झालेली ती पहिली वाढ.

आपल्या लोणावळ्याची गंमत बघा. वळवण आणि शिरोत्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ साली वीज केली आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर चालू लागल्या. पाणी आपल्या डोंगरातलं. आपल्या वाड्यावस्त्यांवर मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं संध्याकाळी राखेतला निखारा उकरून चिमणी लावत होते.

आता कोयत्याची खरी गोष्ट. मावळात भात लावायचं तर आधी राब भाजावा लागतो. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या छाटायच्या, शेण, पालापाचोळा, माती असे थर द्यायचे आणि रोपाची जागा भाजून घ्यायची. तण मरतं, मातीला राखेचं खत मिळतं. या कामात कोयता आणि विस्तव दोन्ही एकत्र येतात. पण इंग्रजांनी १८७८ साली जंगल कायदा केला, रान राखीव झालं आणि फांदी छाटणं हा गुन्हा ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला, त्यात राबाचा प्रश्न मोठा होता. दळी करून नाचणी-वरई पिकवणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांचे तर हातपायच बांधले गेले. काथ करणारे, रानातून पोट भरणारे कातकरी पुढं दुसऱ्याच्या कोळशाच्या भट्टीवर मजूर झाले. कोयता तोच राहिला, पण तोडलेलं लाकूड त्यांचं राहिलं नाही.

१९३० साली जंगल सत्याग्रह झाला, तेव्हा लोकांनी कायदा मोडला तो याच अवजारांनी. बापूजी अणे यांनी १० जुलैला पुसदजवळच्या जंगलात गवत कापून सत्याग्रहाला सुरुवात केली. घाटाखाली उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबरला अक्कादेवीच्या माळावर पोलिसांनी गोळीबार केला आणि लोक हुतात्मे झाले. तेव्हा विळा-कोयता घेऊन जंगलात जाणं म्हणजे स्वराज्य मागणं होतं. आज त्याच कोयत्याचं नाव गुंडांच्या टोळीला लागलंय, याचं वाईट वाटतं.

विळ्याची एक बाजू फक्त बायकांनाच माहीत आहे. ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पूर्वी घरी बाळंतपण झालं की नाळ कापायला हाताशी असेल तेच घेत. बऱ्याचदा विळाच. पाचवीला तोच विळा बाळाच्या उशाशी ठेवायचा, सटवाईनं बाळाला जपावं म्हणून. पण शेणामातीतल्या विळ्यावर धनुर्वाताचे जंतू असत. आठवड्याच्या आत बाळ दूध पिईना, ताठ होई आणि जाई. लोक म्हणत, बाळाला बाहेरचं लागलं. माझ्या आजीची दोन मुलं अशीच गेली. ती अखेरपर्यंत स्वतःच्या नशिबाला बोल लावायची. निर्जंतुक पातं, बाळंतपणाआधी आईला धनुर्वाताची लस आणि दवाखान्यातलं बाळंतपण, एवढ्यानं हे थांबलं. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. तेव्हा पाचवीला विळा जरूर पुजा, पण नाळेला तो कधी लावू नका.

आणखी एक हिशोब सांगते. मराठवाड्यातून ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांत कोयता हे माणसं मोजायचं माप आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल मिळते ती जोडीला, आणि बहुतेक वेळा ती नवऱ्याच्या हातात पडते. ऊस तोडणारी, मोळी बांधणारी, डोक्यावर वाहणारी बाई हिशोबात अर्ध्या कोयत्यापुरती, आणि पैशात तेवढीही नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या सचिवताईंचं वाक्य आठवलं. अवजार गड्याचं म्हटलं की मजुरीही गड्याची होते.

आता मुद्द्याचं. कोणतं पातं घ्यावं?

गेल्या पावसाळ्यात धरणाकाठी आमच्या बाया तंबूतल्या पाहुण्यांचा स्वयंपाक करत होत्या. पाऊस मी म्हणत होता, लाकडं ओली. एका पाहुण्या पोरानं कमरेचा छोटा, न मिटणारा सुरा काढला. स्टेनलेसचा, देखणा. जोडीला ठिणग्या पाडायची काळी सळी. त्याला त्यानं काही हजार मोजले होते. त्याच्या सुऱ्याला मी हिणवणार नाही. काटकीवरून त्यानं इतके बारीक छिलके काढले की आमच्या कोयत्याला ते जमलं नसतं. सळीवर सुऱ्याची पाठ ओढली की ठिणग्याही भरपूर पडत होत्या. पण छिलके ओल्या काटकीचे होते, ते धरेनात. मग आमच्यातल्या एका मावशीनं हाताएवढं ऐनाचं लाकूड उभं धरलं, कोयता वर टेकवला, दुसऱ्या लाकडानं कोयत्याच्या पाठीवर चार ठोके दिले आणि ते उभं चिरलं. आतला गाभा कोरडा निघाला. "आता याचं सोल," ती त्याला म्हणाली. त्यानं सोललं, सळी ओढली आणि चूल पेटली. दोन पाती आणि दोघांचे हात, तेव्हा एक चूल.

नंतर त्यानं हौसेनं गारगोटीवर सुरा आपटून बघितला. ठिणगी पडेना. मावशीच्या कोयत्याच्या पाठीवर पडली. कारण काळ्या सळीची ठिणगी सळीतूनच निघते. १९०३ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर या शास्त्रज्ञानं शोधलेल्या मिश्रधातूची ती सळी. गॅसच्या लायटरमधला खडाही त्याच कुळातला. तिला नुसती कोरदार कड लागते, पातं कुठलंही चालतं. गारगोटीला मात्र कडक साधं पोलादच लागतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं म्हणून ते गंजत नाही, आणि त्याचे कण सहज पेटतही नाहीत. आमचा कोयता मालमोटारीच्या कमानपाट्याचा. गंजतो, पण धार धरतो आणि बोथट झाला तर लोहाराकडं शेवटून मिळतो.

थोडक्यात सांगायचं, तर कामाप्रमाणं पातं घ्या. सरपण, राब, कुंपण यांना कोयता. तो पुढून जड आणि टोकाला वाकडा हवा. भाताला दातेरी विळा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा हलका आहे, बुडातून कापतो आणि त्याला वरचेवर धार लावावी लागत नाही. स्वयंपाकाला विळी. पातं पायाखाली घट्ट आणि दोन्ही हात मोकळे. सोलायला, छिलके काढायला लहान सुरी. सरपण सुरीनं फोडू नका आणि कोयत्यानं कांदा चिरू नका.

घेताना चार गोष्टी बघा. पात्याची शेपटी मुठीत खोलवर गेलेली हवी. नाहीतर घाव घालताना पातं निसटतं. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं हवं. मूठ तुमच्या मुठीत बसायला हवी, नवऱ्याच्या नाही. आणि धारेला पाणी दिलंय का ते बघायला कानशीची कड धारेवर हलकी ओढा. घसरली तर पोलाद कडक आहे, खोल रुतली तर मऊ. काम झाल्यावर पुसून, खोबरेल लावून ठेवा. नेताना कमरेच्या आकडीत अडकवा, हातात मोकळा घेऊन चालू नका.

कायद्याची भीती वाटते त्यांच्यासाठी सांगते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरलेत, पण घरकामाला, शेतीला बनवलेले त्यातून वगळलेत. शेताला जाताना कोयता नेणं हा गुन्हा नाही. तोच कोयता जत्रेत, मिरवणुकीत मिरवला तर मात्र पोलीस विचारणारच.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. ठराव झाला. कोयते लोहाराकडूनच घ्यायचे, विळे वैभवचे घ्यायचे आणि गटाच्या वहीत प्रत्येक अवजारापुढं त्या त्या बाईचं नाव लिहायचं. सचिवताईंनीच पहिलं नाव लिहिलं, स्वतःचं. या खंडेनवमीला हळदकुंकूही ज्यांचे कोयते त्याच लावणार आहेत.

तुम्हीही तुमच्या पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्यात वयस्क बाईला एवढं विचारा. लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्या हातात काय दिलं होतं? ती जे सांगेल ते वहीत लिहून ठेवा. आमच्या आजीनं सांगितलेलं मी आमच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलंय.